अकरा शब्दांचं छप्पर

एप्रिल संपत आला की आमच्या इमारतीच्या गच्चीवर निळं प्लास्टिक चढतं. बांबू येतात, दोऱ्या येतात, चार माणसं दोन दिवस ठोकाठोक करतात आणि तिसऱ्या दिवशी एक कोपरा सुटून फडफडायला लागतो. मी खालून बघत असते. सोसायटीचे सेक्रेटरी येता-जाता म्हणतात, "आजी, उन्हात कशाला उभ्या? आत बसा ना." मी म्हणते, "तो कोपरा वाऱ्याच्या तोंडाला बांधलाय." ते म्हणतात, "त्यांचं कामच आहे ते. त्यांना कळतं." त्यांना कळत नाही. दर जुलैला चौथ्या मजल्यावरचे लोक बादल्या मांडतात. मी पुन्हा सांगायला जात नाही.

पण ते फडफडणं सुरू झालं की माझ्या नाकात कौलांची धूळ शिरते. सत्तर वर्षांपूर्वीची धूळ. वाळलेली पानं, चिमण्यांची घरटी, पालीची अंडी, मांजरांची घाण, आणि या सगळ्यावर लाल भुकटी. ती पापण्यांवर बसते, दातात कचकचते, रात्रीच्या भातालाही तिची चव येते. हा शाकारणीचा हंगाम. आता हा शब्द समजावून सांगावा लागतो. पावसाळ्याआधी छपरावरची सगळी कौलं उतरवायची, पुसायची, फुटकी बाजूला काढायची, त्यांच्या खालच्या मोडलेल्या रिपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, बदलायच्या आणि पुन्हा सगळं रचायचं, ती शाकारणी. तेव्हा अंधेरी काय, जोगेश्वरी काय, चाळी, बंगले, शाळा, सगळं कौलारू होतं. दीड-दोन महिन्यांत जेवढी घरं होतील तेवढी करायची आणि त्यावर वर्ष काढायचं. माझे बाबा हे काम करत. कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवत. धड कौल खणकन वाजतं. चिरलेलं, वरून कितीही चांगलं दिसलं तरी, बद्द वाजतं.

छपरावरून बाबा कधी पडले नाहीत. पडले ते चाळीच्या नळावर, तोंड धुताना. पाडवा नुकताच झाला होता. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब. आई म्हणाली, नशीब तुमच्याकडेच ठेवा. मी पंधरा वर्षांची होते, चौथी पास, घरात लिहिता-वाचता येणारी एकटी.

बोलणं गेलं म्हणजे सगळं गेलं नव्हतं. पंधरा दिवसांनी एकेक शब्द परत यायला लागला. कोणता येईल त्याला काही धरबंध नव्हता. माझं नाव आलं नाही, आईचं आलं नाही, कौल हा शब्द, जो त्यांनी जन्मभर उच्चारला, तोही आला नाही. आले ते हे: पाणी, काळं, ताट, मांजर, सासू, गाडी, नको, चल, देव, मीठ. आणि एक शिवी. शिवी मात्र अख्खी आणि स्वच्छ आली. मी दाराच्या आतल्या बाजूला कोळशाने सगळे शब्द लिहून काढले. शिवीच्या जागी नुसती रेघ ओढली.

बारावा शब्द येईल म्हणून आम्ही वाट पाहिली. आला नाही. तेव्हा बाबांनी दुसरा मार्ग काढला. असलेलेच शब्द दोन-दोन जोडायला लागले.

"पाणी काळं," ते म्हणाले. आईने माठ पाहिला, नळाचं पाणी पाहिलं, गाळून आणलं. बाबांनी मान हलवली. मी चहा ठेवला. बाबा प्यायले. मग रोज सकाळी पाणी काळं. ते आम्हाला सोपं गेलं. पण दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "मांजर पाणी." आईने दूध दिलं. मांजराचं पाणी म्हणजे दूध, दुसरं काय. बाबांनी डाव्या हाताने पेला उलटवला आणि रेघेच्या जागचा शब्द वापरला.

"बघ तुझा बाप," आई दूध पुसत म्हणाली. "डोकं पण गेलं."

"डोकं गेलं असतं तर पेला नेम धरून मारला नसता," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात गावाहून पत्र आलं. मोठ्या काकांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. मी वाचून दाखवलं. भावाला अपंगावस्थेत परक्या मुलखात ठेवू नये, पाऊस लागायच्या आत बिऱ्हाड गुंडाळून गावी यावं, वत्सलेसाठी, म्हणजे माझ्यासाठी, एक स्थळ पाहिलं आहे, बिजवर आहे पण भातशेती आहे. आईने पत्र फळीवर ठेवलं आणि त्यावर मिठाची बरणी ठेवली. हंगामाची सगळी कामं हातची गेली होती. एकच राहिलं होतं, अंधेरीच्या प्रधानांचा बंगला, बाबांनी आधीही शाकारलेला. तो मोठा होता. तेवढं एक छप्पर झालं असतं तर पुढचा हंगाम येईपर्यंत आम्ही जोगेश्वरीत तग धरला असता. नाही झालं तर गाव आणि बिजवर.

मी ठरवलं, होणार. कसं ते ठरवलं नव्हतं.

बाबांच्या हाताखाली धोंडूकाका होता, आमच्याच गावचा. पंचवीस वर्षं तो खालून वर कौलं पोचवत आला होता. लावली एकही नव्हती. मी त्याला म्हटलं, "मी वर चढते, तू कौलं दे."

"काय गो, खुळी झालंस?" तो म्हणाला. "चेडू काय कौलावर चढता?"

"मग तू लाव."

तो डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "बापाशीक विचार."

मी विचारलं. बाबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "चल." हा एकच शब्द त्यांनी जोडीशिवाय वापरला, आणि त्याला जोडीची गरजही नव्हती.

बाबांचा जुना लेंगा घातला, नाडी दोनदा गुंडाळली आणि चढले. कौलावर कुठे पाय द्यायचा हे मला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. कौलाच्या पोटावर नाही, जिथे एक कौल दुसऱ्यावर बसतं आणि खाली रीप असते तिथे. ऐकून माहीत असणं आणि तळपायाला माहीत होणं यात पहिल्या दिवशी सात कौलांचं अंतर पडलं. सात फोडली.

वर गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती बाबांची. प्रधानांच्या बंगल्याची दोन छपरं एकमेकांना जिथे टेकत होती तिथे पत्र्याची पन्हळ होती आणि तिच्या दोन्ही कडांची कौलं सरकलेली होती. मांजरांची जायची-यायची वाट ती. कौलं सरकवतात मांजरं, गळतं घर. मांजर पाणी. मी तिथेच उकिडवी बसले. बाबा भूक सांगत नव्हते, तहान सांगत नव्हते. ते पंधरा दिवस काम सांगत होते आणि आम्ही त्यांना दूध पाजत होतो.

या गोष्टीवर मी आयुष्यात पुष्कळ विचार केला आहे. शिकलेली नाही, पण विचाराला शाळा लागत नाही. गुरुजी बेरीज शिकवायचे तेव्हा दोन आणि तीन मिळून पाचच व्हायचे, कोणीही केली तरी. शब्दांचं तसं नाही. आमच्या चाळीमागे एक चिंचेचं झाड होतं. त्याला चिंचा लागत. रस्त्यावर एक सावलीचं झाड होतं. त्याला सावल्या लागत नव्हत्या, ते सावली द्यायचं. आणि वळणावर मुंजाचं झाड होतं, त्यावर मुंजा बसायचा म्हणून पोरं लांबून जायची. झाड हा शब्द तिन्हीकडे तोच, बोलायची रीतही तीच. पण एक अर्थ दुसऱ्याला कुठे जाऊन धरतो ते दर वेळी निराळं. ते शब्दांत लिहिलेलं नसतं. ज्याने झाड पाहिलंय तो आपल्या पदरचं घालतो आणि त्याला वाटतं आपण नुसतं ऐकलं.

आई चुलीपाशी होती. तिच्या पदरी दूध होतं, तिने दूध घातलं. मी छपरावर गेले तेव्हा माझ्या पदरी छप्पर आलं. बाबांचे शब्द तेच होते.

कधी कधी तर दोन्ही शब्दांत नसलेलं काहीतरी तिसरंच येऊन बसतं. पोरगी म्हणा, कुणाला राग नाही. छप्पर म्हणा, कुणाला राग नाही. छपरावरची पोरगी म्हटलं की नळावरच्या बायांची तोंडं वाकडी. तो वाकडेपणा कुठून आला? पोरगीतून नाही आणि छपरातून नाही. "वच्छी वरून सगळ्यांच्या न्हाणीघरात बघते," असं एकीने काढलं. मी तिला म्हटलं, "मावशी, तुमच्या न्हाणीघरात बघण्यासारखं काय आहे?" त्यानंतर ते बंद झालं. पण आई आठवडाभर नळावर गेली नाही. पाणी मीच भरत होते, कौलं लावून आल्यावर.

मग मी बाबांना रोज बरोबर न्यायला लागले. धोंडूकाकाने हातगाडी मिळवली. तिच्यावर गोधडी टाकून बाबांना निजवायचं आणि जोगेश्वरीहून अंधेरीला ढकलत न्यायचं. दोन्ही बाजूंना भाताची कोरडी खाचरं, मध्ये तबेला, शेणाचा आणि तापलेल्या धुळीचा वास. रस्त्याने लोक बघत. बाबा आभाळाकडे बघत. प्रधानांच्या आवारात जांभळाखाली त्यांना आरामखुर्चीत बसवलं की छप्पर त्यांच्या समोर यायचं. खालून ते दोन-दोन शब्द टाकायचे आणि मी वरून झेलायची. ताट म्हणजे कौल, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. मीठ म्हणजे कुजलेली रीप, हाताने चुरली जाते अशी. "मीठ मांजर" म्हणाले की पन्हळीशेजारची रीप बदल. "देव नको" याचा उलगडा व्हायला दोन दिवस गेले. आढ्यापाशी, म्हणजे सगळ्यात वर, अजून हात लावू नकोस, आधी खालची ओळ पक्की कर. धोंडूकाका म्हणायचा, "तुम्ही दोघां काय मंत्र म्हणतास काय?"

प्रधानबाई भल्या होत्या. त्यांचे यजमान ऑफिसला जात, घर त्या आणि त्यांच्या सासूबाई बघत. मला पाहून त्या पहिल्या दिवशी दचकल्या होत्या, पण काम दुसऱ्याला देण्याइतका वेळ उरला नव्हता. ताक पाठवायच्या. फुटकी कौलं बरीच निघाली म्हणून त्यांनी नवी मागवली. लालभडक होती. जुनी उन्हापावसाने काळपट झालेली. बाई म्हणाल्या, "हे बघ, नवी सगळी एका जागी लावू नको हं. रस्त्यावरून ठिगळ दिसेल. चार जुनी, एक नवं, असं पसरून लाव म्हणजे नक्षीसारखं वाटेल."

मला ते पटलं. दिसायलाही बरं वाटत होतं. चार दिवस मी तसं लावलं. मागची अख्खी बाजू झाली. बाबांना त्या चार दिवसांत ताप होता, ते घरी होते. पाचव्या दिवशी आणलं, खुर्ची मागच्या अंगणात ठेवली. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "सासू ताट."

धोंडूकाका हसला. "सासूक जेवण वाढूक सांगता."

प्रधानबाईंनी खिडकीतून ऐकलं. "हळू बोला," त्या म्हणाल्या. "आमच्या सासूबाई आत जेवायलाच बसल्यात."

सगळे हसले. मीही. बाबा हसले नाहीत. "सासू ताट नको," ते म्हणाले. "नको. नको." डावा हात खुर्चीवर आपटला.

मी खाली उतरले. ताट म्हणजे कौल, एवढं पक्कं होतं. सासूचं कौल म्हणजे जुनं कौल, असं मी धरलं. म्हणजे बाबा म्हणतात जुनी नकोत, सगळी काढून नवी लावा. अख्ख्या छपराला नवी कौलं प्रधानबाई कशाला मागवतील? आणि मागवली तरी यायला वेळ कुठे होता? पश्चिमेकडून दुपारचा वारा दमट यायला लागला होता. खारदांड्याहून मासळी घेऊन येणारी बाई सांगत होती की होड्या वर ओढायला सुरुवात झाली. मी तरीही बाईंना सांगायला दाराशी गेले. तोंड उघडलं आणि थांबले.

सासूचं ताट म्हणजे जुनंच कशावरून? चिंचेचं झाड आणि सावलीचं झाड. मी माझ्या पदरचं घालत होते. बाबांच्या पदरी काय होतं ते मी बघितलंच नव्हतं. आमच्या घरातली सासू, म्हणजे माझी आजी, जुनी म्हणून कुणाच्या लक्षात नव्हती. ती आणि आई एका चुलीवर टिकल्या नाहीत, म्हणून तर बाबा बिऱ्हाड घेऊन मुंबईला आले होते.

मी परत वर चढले. नव्या कौलाशेजारचं जुनं कौल हाताने दाबून पाहिलं. हललं. दुसरं दाबलं. हललं. दोन जुनी शेजारी होती ती घट्ट होती. एक जुनं आणि एक नवं घेऊन खाली आले आणि उलटी करून पाहिली. पाठीवर दोन वेगळ्या कारखान्यांचे शिक्के होते. दोघांच्या कडेची खाच दिसायला सारखी, पण नव्याची बोटाच्या नखाएवढी अरुंद. एकात दुसरं बसतच नव्हतं, नुसतं टेकत होतं. पहिल्या जोराच्या वाऱ्याने पाणी तिथूनच आत गेलं असतं, एका ठिकाणी नाही, प्रत्येक नव्या कौलापाशी.

मी ती दोन्ही बाबांसमोर धरली, कडेला कड लावली. त्यांनी शिवी दिली. मग मी दोन जुनी आणून जोडली. ते गप्प राहिले.

"जुनी एका अंगाला, नवी एका अंगाला?" मी विचारलं. "एका ओळीत नको?"

बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "पाणी काळं."

मी बाईंच्या दाराशी पुन्हा गेले. म्हटलं, "मागची बाजू सगळी उतरवायची आहे."

"अगं, चार दिवसांचं काम."

"चुकलं. मी केलं, मीच काढते. नवी कौलं सगळी स्वयंपाकघराच्या वर एका ठिकाणी येतील."

"म्हणजे ठिगळच की. मागून जोशांच्या गॅलरीतून सरळ दिसतं ते."

"ठिगळ दिसेल. नाही तर गळती दिसेल. जोशांना नाही, तुम्हाला."

त्यांना राग आला. इतक्या लहान पोरीने असं बोलावं याचा आला असणार. त्या वळल्या, पण तेवढ्यात आतून म्हाताऱ्या सासूबाईंचा आवाज आला, "तिला करू दे गं. मघापासून ऐकतेय मी. तो माणूस शहाणा आहे." सगळं ऐकलं होतं त्यांनी. प्रधानबाई लाल झाल्या. मी शिडीकडे गेले.

चार दिवसांचं काम आम्ही दोन दिवसांत उतरवलं आणि तीन दिवसांत परत लावलं. हाताची सालं गेली होती. कौल धरलं की त्यावर ओला डाग उमटायचा. धोंडूकाका आता मागायच्या आत कौल वर द्यायचा. शेवटच्या दिवशी आढ्याची कौलं बसवताना बाबा खालून म्हणाले, "देव चल." ते मात्र मला लगेच कळलं.

पावसाचं मी काही लिहिणार नाही. लागायचा तेव्हा लागला, आणि वाऱ्यासकट लागला. आठव्या दिवशी प्रधानबाईंचा निरोप आला, वत्सलेला पाठवा. आई म्हणाली, "झालं. बांधा आता गाठोडी." मी डोक्यावर पोतं घेऊन गेले. बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला आत, कौलांखालच्या माळ्याशी नेलं आणि शिडी लावून दिली. मी वर गेले, अंधारात नव्या कौलांच्या पोटाखाली हात फिरवला, रिपांवरून फिरवला, पन्हळीच्या कडेने फिरवला. सगळीकडे धूळ. कोरडी, लाल, बोटांना चिकटणारी धूळ. बाई खालून म्हणाल्या, "जोशांच्या घरात तीन बादल्या लागल्यात. पुढच्या वर्षी त्यांचंही कर म्हणतात. आणि त्यांच्या मेहुण्यांची चाळ आहे पार्ल्याला."

"बाबांना विचारते," मी म्हटलं.

"विचार," त्या म्हणाल्या. "पण चढ तूच."

घरी येऊन मी पोस्टकार्ड घेतलं. काकांना उत्तर द्यायचं राहिलं होतं. बाबा भिंतीला टेकून बसले होते, त्यांना विचारलं, काय लिहू. "गाडी नको," ते म्हणाले. हे कळायला ना चूल लागली, ना छप्पर. आई म्हणाली, "असं नको लिहूस. रीतीने लिही. साष्टांग नमस्कार लिही, त्यांच्या तब्येतीचं लिही." मी नमस्कार लिहिला, तब्येतीचं लिहिलं. मग लिहिलं, आम्ही येत नाही, पुढच्या हंगामाची दोन घरं सांगून आली आहेत, आणि स्थळाला नाही म्हणून कळवावं.

"वाच," आई म्हणाली. वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"खाली कुणाचं नाव घातलंस?"

"बाबांचं. नेहमीसारखं."

तिने सुपातला एक खडा उचलून दाराबाहेर टाकला. "काम कोण घेणार पुढच्या वर्षी? लोक विचारत कुणाला येणार?" ती म्हणाली. "तुझं नाव घाल."

मी बाबांच्या नावावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, वत्सला. कार्ड दमट होतं, शाई थोडी फुटली. पण वाचता येत होतं.